एकाच पेटीतला मध, रंग दोन

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या वाडीत सातेरी माश्यांच्या चार पेट्या आहेत. फेब्रुवारीतला मध फिका, सोनेरी निघाला; एप्रिलमधला काळपट आणि कडवट. गिऱ्हाइकं म्हणतात, काकवी मिसळली. असं का झालं?

उत्तर : आसपास जांभळी असतील तर संशय त्यांच्यावर घ्या, काकवीवर नको. जांभळाचा मध गडदच असतो आणि गोडीमागून जिभेवर तुरट-कडवट चव रेंगाळते. मकरंदाबरोबर आलेली खनिजं आणि पॉलिफेनॉलं (वनस्पतींतली नैसर्गिक रसायनं) जास्त, तितका रंग सहसा गडद. सह्याद्रीच्या उतारावर सात-आठ वर्षांनी कारवी फुलते, तिचाही मध असाच गडद.

पण गडदपणा नेहमी फुलांचाच नसतो. पोळी जुनी, काळी पडलेली असली किंवा मध थेट चुलीवर तापवला, तरी तो काळवंडतो. तापवलेल्या मधाचा मात्र सुवास उडालेला असतो.

दोन्ही मध वेगळे हवेत तर जांभळी फुलायच्या आत मधकोठीतल्या (पेटीचा मध साठवायचा वरचा कप्पा) चौकटी मधयंत्रात फिरवून रिकाम्या करा. तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झालेल्याच चौकटी घ्या. घाई केलीत तर ओलावा 20 टक्क्यांहून जास्त राहतो आणि आपल्या दमट हवेत बाटलीत फेस येऊन मध आंबतो. सातेरीचा मध मुळातच पातळ, त्यामुळे इथे चूक फार महागात पडते.

मध थिजला तर भेसळ समजू नका; ग्लुकोज जास्त असलेला मध लवकर थिजतो. बाटली 40 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. लेबलवर ‘जांभूळ, एप्रिल’ एवढं लिहिलंत तरी गिऱ्हाइकांचे निम्मे प्रश्न मिटतील.