चित्रातला भुंगा

शहापूर, बेळगाव

चि. विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

सकाळी काव्य, दुपारी दर्शने आणि रविवारी चित्रकला, असे वेळापत्रक आखल्याचे तू कळवले आहेस. तुझ्या मेहनतीबद्दल शंका नाही, परंतु या तिघांना अशा वेगवेगळ्या वारांना बोलावू नये. मी तरुणपणी आधी टीका, म्हणजे श्लोकांवरचे भाष्य, वाचली आणि मग श्लोक. परिणामी श्लोकात मला टीकाच दिसत राहिली.

त्याऐवजी ‘अभिज्ञानशाकुन्तला’चा सहावा अंक घे आणि महिनाभर त्यातच राहा. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, हे तू जाणतोसच. मूळ संस्कृत मात्र सावकाश वाच. त्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र पुढ्यात घेऊन बसला आहे आणि काय रंगवायचे राहिले ते सांगतो आहे: वाळूत हंसांची जोडी विसावलेली मालिनी नदी, हिमालयाचा पायथा, फांद्यांवर वल्कले टाकलेले झाड आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. इथे पुस्तक मिटून ती हरिणी काढून पाहा. रेखाटन वाईट येईल, येऊ दे. डोळा शिंगाच्या टोकाशी नेताना काळवीट किती निश्चल उभा असला पाहिजे आणि हरिणीचा त्याच्यावर किती विश्वास असला पाहिजे, हे तुझ्या हाताला कळेल. आणि नेमका असाच विश्वास ज्याने मोडला, तोच हे चित्र मागतो आहे, हेही ध्यानात येईल.

पुढे राजा चित्रातल्या भुंग्याला दटावू लागतो, विदूषक ‘हे चित्र आहे’ अशी आठवण देतो आणि राजा त्या आठवणीनेच दुखावतो. आता भरताच्या नाट्यशास्त्रावरची अभिनवगुप्ताची टीका, ‘अभिनवभारती’, उघड. अभिनवगुप्ताने तिथे शंकुक या आधीच्या रसमीमांसकाचे मत नोंदवून त्याचे खंडनही केले आहे: चित्रातल्या घोड्याला आपण ‘हा घोडा’ म्हणतो, ते ज्ञान यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशय नसतो आणि नुसते सादृश्यही नसते. शंकुकाचा रसिक त्या घोड्याला चारा घालायला जात नाही. दुष्यंत मात्र भुंग्याशी भांडतो.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात १२०४ च्या सुमारास घडवलेले दगडी कमळ छतातून खाली झुकलेले आहे. वही घेऊन तिथे जा (उताणा पडून पाहू नकोस, पूजेची जागा आहे), आणि त्याला कमळ म्हणताना तू शंकुकाकडे होतास की दुष्यंताकडे, ते मला लिही.