डॉमिनिकन नन्स मठात दिवसभर करतात काय? समाजाला त्यांचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीची मुलगी एमकॉम झालीय, नोकरी चांगली आहे, आणि आता अचानक डॉमिनिकन नन, म्हणजे कॅथलिकांतल्या संत डॉमिनिकच्या संघातली संन्यासिनी, व्हायचं म्हणते. तेही शाळा-दवाखाने चालवणाऱ्या सिस्टर असतात त्यांच्यात नाही, तर कायमचं मठाच्या आत राहणाऱ्यांच्यात. दिवसभर करतात काय आणि उपयोग काय, असे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर देते. दुसरा प्रश्न मी आमच्या घरात सतरा वर्षं ऐकत आलेय त्यामुळे त्यावर जरा जास्तच लिहिलं जाईल.

आम्ही बेळगावचे, अनगोळला राहतो. घरात मराठी, आईच्या माहेरी कोकणी, बाजारात कन्नड. माझी मोठी बहीण बीकॉम करून एका पतसंस्थेत हिशेब बघायची, आणि २००८ मध्ये चोविसाव्या वर्षी ती डॉमिनिकन मठात गेली. मठ दुसऱ्या राज्यात, गाडी बदलून दोन रात्रींचा प्रवास. आमचे पप्पा उद्यमबागला कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला माणूस, त्यांना रोज संध्याकाळी एकच हिशेब माहीत, शिफ्टला किती पीस निघाले. ताईने सांगितलं त्या रात्री ते जेवले नाहीत. नंतर एवढंच बोलले, "सिस्टर हो की, नको कोण म्हणतंय, खरं शाळेत शिकव, पेशंट बघ. नुसतं आत बसून काय उपयोग ग?" दादा तर आजपण हेच म्हणतो.

आता दिवस कसा जातो ते. मी तिथे पाहुण्यांच्या खोलीत तीनदा राहिलेय, त्यामुळे हे बघितलेलं सांगते. पाचला घंटा. साडेपाचला सगळ्या चॅपलमध्ये. समोरासमोर दोन रांगा असतात आणि स्तोत्रं गातात, एक कडवं या बाजूने, एक त्या बाजूने. एक बाजू उभी असते तेव्हा दुसरी बसलेली, मग उलट. ओळीच्या मध्ये थांबतात, एक श्वास भरेल इतकंच, आणि वीस बायका एकदम थांबतात, एकीचाही आवाज पुढे जात नाही. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा" आलं की कमरेतून वाकतात, हात गुडघ्यापर्यंत. असं दिवसातून सात वेळा. बायबलमधली दीडशे स्तोत्रं साधारण चार आठवड्यांत फिरून येतात आणि परत पहिल्यापासून सुरू. मध्ये मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, शांत बसून ध्यान, आणि रोझरी म्हणजे माळेवरची प्रार्थना. जेवण गप्प बसून, एक सिस्टर पुस्तक वाचून दाखवते आणि बाकीच्या ऐकत जेवतात. दुपारी तासभर मात्र मोकळ्या गप्पा, आणि हसण्याचा आवाज बाहेर पाहुण्यांच्या खोलीपर्यंत येतो. अभ्यास पण असतो, डॉमिनिकन लोकांत अभ्यास ही प्रार्थनेइतकीच मोठी गोष्ट, थॉमस अक्वायनस हा मध्ययुगातला मोठा ख्रिस्ती विचारवंत यांच्यातलाच. व्हाउचर तपासणारी माझी ताई आता त्याचं वाचते आणि भेटायला गेलं की मला समजावून सांगते, निम्मं मला कळत नाही.

आणि काम. हे लोकांना माहीतच नसतं. त्यांना पगार कोण देणार, स्वतःचं पोट स्वतः भरायचं असतं. ताईच्या मठात मिस्साला लागणारी पांढरी पातळ गोल भाकर बनवतात. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही घालायचं नाही. तापलेल्या लोखंडी पाट्यांत पातळ पत्रा भाजायचा, मग तो ओलसर हवेत ठेवायचा, नाहीतर कापताना चुरा होतो, आणि मग मशीनवर गोल गोल कापायचं.

२०११ ला पप्पा पहिल्यांदा तिला भेटायला गेले, मी बरोबर होते. भेटायच्या खोलीत मध्ये लाकडी जाळी, पलीकडे ताई, पांढरा झगा, कमरेला डाव्या बाजूला रोझरी. पप्पा अर्धा तास गप्पच. मग बोलायचं म्हणून ताई म्हणाली की हल्ली भाकरीची कड नीट कापली जात नाही. पप्पा म्हणाले, "दाखव." तिने एक मूठ आणून दिली. ते काही पवित्र केलेलं नव्हतं, मशीनवरून नुसतंच कापलेलं. पप्पांनी एक उचलली, अंगठ्याचं नख कडेवरून हळूच फिरवलं, खिडकीकडे धरून बघितली, आणि म्हणाले, "एकाच बाजूला बर येतोय. कटर बरा आहे. बुशला प्ले आलाय." म्हणजे कड एका बाजूला खरखरीत येत होती, पातं ठीक होतं, आतली धातूची कडी झिजून सैल झाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा तो नेहमीचा आवाज ऐकला मी. जुना बुश काढून द्या म्हणाले. आतून-बाहेरून सामान द्यायला भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं, त्यातून तो बुश बाहेर आला, पप्पांनी रुमालात गुंडाळून बेळगावला आणला. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन गनमेटलचा नवीन टर्न केला आणि कुरियरने पाठवला. त्यानंतर ताईचा फोन आला (वर्षातून थोडेच फोन असायचे) की पहिला प्रश्न हाच, "आज किती निघाले?" ती सांगायची, चार हजार, साडेचार हजार. मग ते फोन आईकडे द्यायचे.

म्हणजे त्यांचं मत बदललं असं मी म्हणत नाही. २०१४ ला तिची कायमची व्रतं झाली तेव्हा पण ते आतून नाराजच होते. त्या विधीत ती जमिनीवर पालथी पडते आणि मठाची प्रमुख विचारते, काय मागतेस? उत्तर ठरलेलं असतं, देवाची दया आणि तुमची. आणि डॉमिनिकन लोक व्रत घेताना तोंडाने एकच शब्द देतात, आज्ञापालनाचा, मरेपर्यंत. बाकी सगळं त्यात आलं. पप्पांनी बसल्या जागी माझं मनगट घट्ट धरलं होतं, विधी संपेपर्यंत सोडलं नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पप्पा गेले. ताई आली नाही. अचानक गेले, दोन रात्रींचा प्रवास, आम्हाला माती दुसऱ्याच दिवशी द्यायची होती. दादाने ते आजपर्यंत सोडलेलं नाही. "बापाच्या मातीला नाही आली, कसली प्रार्थना घेऊन बसल्यात." आता हे मी इथे लिहितेय कारण त्याच्या तोंडावर बोलायला गेलं की दोघंही रडतो आणि बोलणं राहूनच जातं.

दादा, त्या दिवशी चार वाजता आपण सिमेटरीत होतो तेव्हा त्यांच्या चॅपलमध्ये मृतांसाठीची पूर्ण प्रार्थना चालू होती. आईने सकाळी फोनवर वेळ कळवली होती. आपल्यातले निम्मे लोक गेटपाशी गाडी कुठे लावायची ते बोलत होते आणि तिथे वीस बायका, ज्यातल्या एकोणीस जणी पप्पांना धड ओळखत पण नव्हत्या, त्यांचं नाव घेऊन उभ्या होत्या. आणि हे एक दिवस करून झालं नाही. डॉमिनिकन लोकांच्या कॅलेंडरमध्ये ७ फेब्रुवारी हा दिवस त्यांच्या सगळ्यांच्या मेलेल्या आईवडिलांसाठी राखलेला आहे. नुसता त्या एका मठात नाही, सगळीकडे. २०१९ ला मी मुद्दाम त्या दिवशी तिथे गेले. संध्याकाळी अंधार पडल्यावर शेवटची प्रार्थना असते, तिच्यानंतर सगळ्या रांगेने मरियेचं गाणं म्हणत चॅपलच्या मधल्या वाटेवर येतात, साल्वे रेजिना, ही त्यांची आठशे वर्षांची रीत आहे. एका ओळीला सगळ्या गुडघ्यावर येतात आणि मठाची प्रमुख पवित्र पाणी शिंपडत जाते. माझ्या चष्म्यावर पण थेंब पडले. त्यानंतर सकाळपर्यंत कुणी बोलत नाही. ताई माझ्या समोरून गेली, बघितलं नाही तिने माझ्याकडे, रांगेत बघत नाहीत. खरं मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली, ऑगस्टपासून लागत नव्हती.

तर उपयोग. आमच्या गल्लीत एक आजी होत्या, रोज पहाटे काकड आरतीला विठ्ठलाच्या देवळात जायच्या, थंडी असो पाऊस असो, संध्याकाळी हरिपाठ. त्यांना कुणी कधी विचारलं नाही याचा उपयोग काय. उलट त्या आजारी पडल्या तेव्हा गल्ली म्हणत होती, आता आपल्यासाठी देवाजवळ बसणारं कोण राहिलं. मग पोरगी तरुण असली, शिकलेली असली की तिनेच हिशेब का द्यायचा? मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. मुलगी लग्न करून अमेरिकेत गेली आणि बापाच्या मातीला पोचली नाही तर सगळे व्हिसाला बोल लावतात.

आणि जे म्हणतात आधी समाजसेवा, मग प्रार्थना, त्यांना सांगते. डॉमिनिक संताने उपदेश करत फिरणाऱ्या धर्मबंधूंचा संघ काढला, त्याला पोपची मान्यता मिळाली १२१६ मध्ये. पण प्रुईल या फ्रान्समधल्या गावी त्याने बायकांचा मठ सुरू केला तो १२०६ ला. दहा वर्षं आधी. रस्त्यावर बोलणारे नंतर आले, आत बसून प्रार्थना करणाऱ्या आधी आल्या.

तुमच्या मैत्रिणीला एवढं सांगा, घाबरू नका, एका दिवसात दार बंद होत नाही. २०१८ च्या नवीन नियमांनंतर तर कायमची व्रतं घ्यायच्या आधी कमीत कमी नऊ वर्षं जातात, तोपर्यंत मुलगी परत येऊ शकते. ताईबरोबर गेलेली एकजण दोन वर्षांनी परत आली, आज तिचा संसार आहे, मठातल्या सिस्टर तिच्या मुलाचा वाढदिवस लक्षात ठेवतात. सगळ्याजणींना हे जमतं असं नाही, गप्प राहणं आणि त्याच त्याच वीस माणसांबरोबर आयुष्य काढणं हे प्रार्थनेपेक्षा अवघड, असं ताईच सांगते. घरी भांडण झालं किंवा लग्न मोडलं म्हणून कुणी जात असेल तर रोखा, मठवाले पण घेत नाहीत. आणि वेळा, कामं मठामठात वेगळी असतात, मी एकाच मठाचं लिहिलंय. पण मुलगी शांतपणे म्हणत असेल तर तिला "उपयोग काय" एवढं विचारू नका. बाकी काय हवं ते विचारा.

एकदा ताईच्या मठात जाऊन या दोघी. आधी फोन करा, प्रार्थनेच्या वेळी भेट मिळत नाही. इथून जाणार असाल तर कुंदा न्या, आवडतो त्यांना, फक्त ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत नको. मशीनचा आवाज आला तर तो बुश आमच्या पप्पांचा आहे, अजून तोच चालतोय.