सेवेला लागतोयस, तर आधी कन्नड लिहायला शीक

बाळा, इथे बेळगावात चर्चच्या सेवाकार्यात यायचं म्हणतोस, जरूर ये. पण पहिले काही महिने उपदेशाला उभा राहू नकोस, फॉर्म भरायला बस. खानापूरकडच्या खेड्यातल्या म्हातारीला मराठीच येते आणि पेन्शनचा अर्ज असतो कन्नडमध्ये. तो वाचून, भरून देणारं कुणीतरी तिला हवं असतं. बाजारात बोलण्यापुरतं कन्नड इथे पुरत नाही. (सीमाप्रश्नावर तुझं मत काय असेल ते असो, दवाखान्याच्या रांगेत काढू नकोस.)

बेळगावात हे काम जुनं आहे. लंडन मिशनरी सोसायटी १८२० साली आली, जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची सेंट पॉल्स शाळा १८५६ची.

जपायचं ते एवढंच, मदतीला प्रार्थनेची अट जोडू नकोस. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१मध्ये इथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटकच्या विधानसभेने मंजूर केलं, २०२२मध्ये कायदा झाला. तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं. औषधाच्या पिशवीबरोबर पत्रक टेकवलंस, तर अडलेला माणूस नको कसं म्हणेल? कुणी आपणहून येशूबद्दल विचारलं, तर मोकळेपणाने बोल, पण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी.

देणगीचे पैसे एकट्याने हाताळू नकोस, पावती आणि दोन सह्या हव्यातच. एकट्या बाईच्या घरी जाताना मंडळीतल्या एखाद्या अक्काला सोबत ने. आणि रविवारची उपासना चुकवू नकोस, कामाच्या नावाखाली पहिली तीच सुटते.