शब्दांची सोबत : ‘चार्ज’

प्रश्न : मी बँकेत काम करतो. खातेदाराला पाठवायच्या पत्रात ‘वुई हॅव चार्ज्ड रुपीज 118 फ्रॉम यू’ असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी ‘फ्रॉम’ खोडलं. यात चुकलं काय? (लातूर)

उत्तर : मराठीत पैसे कुणा‘कडून’ घेतले जातात, म्हणून आपल्या हातून ‘फ्रॉम’ लिहिलं जातं. ‘चार्ज’ला मात्र मधला शब्द लागत नाही. आधी माणूस, मग रक्कम, मग ‘फॉर’ आणि कारण, असा त्याचा क्रम: ‘वुई हॅव चार्ज्ड यू रुपीज 118 फॉर द चेकबुक.’ ‘फ्रॉम’ हवंच असेल तर क्रियापद बदला: ‘रुपीज 118 हॅज बीन डिडक्टेड फ्रॉम युवर अकाउंट.’ बँकेच्या पत्राला हे वाक्य जास्त शोभतं, कारण पैसे कुठून गेले ते खातेदाराला लगेच कळतं.

नाम म्हणून वापरताना ‘सर्व्हिस चार्ज’, ‘डिलिव्हरी चार्ज’ बरोबर. पण वकिलाची किंवा डॉक्टरांची ‘फी’, बसची ‘फेअर’ आणि दंड म्हणजे ‘फाइन’. इथे ‘चार्ज’ नाम म्हणून बसत नाही, क्रियापद म्हणून चालतो: ‘द लॉयर चार्जेस अ फी.’ फुकट म्हणजे ‘फ्री ऑफ चार्ज’. ‘ॲट फ्री ऑफ कॉस्ट’मधलं ‘ॲट’ तर काढूनच टाका. ते ‘ॲट नो एक्स्ट्रा चार्ज’मधलं आहे.

प्रश्न : ‘ही वॉज चार्ज्ड फॉर मर्डर’ की ‘विथ मर्डर’? बातम्यांचा अनुवाद करताना दर वेळी अडतं. (पुणे)

उत्तर : ‘विथ’. ‘चार्ज्ड फॉर’ म्हटलं की वाचकाला आधी पैसे आठवतात. खुनाचं बिल लावल्यासारखं ते वाक्य होतं. गोंधळ होतो तो शेजारच्या शब्दांमुळे, कारण प्रत्येकाची सोबत वेगळी: ‘अरेस्टेड फॉर’, ‘अक्यूज्ड ऑफ’, ‘चार्ज्ड विथ’, ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, ‘अक्विटेड ऑफ’. ‘चार्ज’नंतर ‘ऑफ’ येतो तो ‘चार्ज’ नाम असताना: ‘अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ मर्डर.’ कलम सांगायचं असेल तर ‘अंडर’: ‘चार्ज्ड अंडर सेक्शन 103 ऑफ द भारतीय न्याय संहिता.’

मात्र अनुवादात शब्दयोगी अव्ययापेक्षा मोठी चूक होते ती टप्प्यांची. ‘गुन्हा दाखल झाला’ याचं ‘चार्ज्ड’ करू नका. त्या वेळी फक्त एफआयआर नोंदलेला असतो. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रं तिथे ‘बुक्ड’ लिहितात. तपास संपल्यावर पोलिस आरोपपत्र देतात, ते ‘फाइल अ चार्जशीट’. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करतं, ते ‘फ्रेम चार्जेस’. ‘फाइल’ पोलिसांचं आणि ‘फ्रेम’ न्यायालयाचं. यांची अदलाबदल झाली की बातमीच खोटी ठरते. आरोपीच्या नावापुढे छापायचं असल्याने इथे घाई नको. आरोप मागे घेतले तर ‘ड्रॉप द चार्जेस’, आरोपीने फेटाळले तर ‘डिनाय द चार्जेस’. ‘प्रेस चार्जेस’ हा इंग्लंड-अमेरिकेकडचा प्रयोग आहे. आपल्याकडच्या पोलिस ठाण्यातल्या तक्रारीला ‘फाइल अ कंप्लेंट’च म्हणा.

प्रश्न : पैसे, आरोप, बॅटरी, जबाबदारी आणि हल्ला. एकाच शब्दात हे सगळं आलं कसं? (बेळगाव)

उत्तर : मुळात ओझं आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. ‘कार्गो’ त्याचाच भाऊबंद. माणसावर पैशाचं ओझं, कामाचं ओझं, गुन्ह्याचं ओझं. बंदुकीत दारू भरणं आणि पुढे बॅटरीत वीज भरणं. ‘डिस्चार्ज’ म्हणजे हे ओझं उतरवणं; दवाखान्यातून मिळतो तोही हाच.

मराठीनेही हीच वाट धरली आहे. ‘विद्युतभार’, ‘कार्यभार’, ‘प्रभारी’ या तिन्हींत ‘भार’ आहे. ‘आरोप’ म्हणजे वर ठेवणं; वृक्षारोपणातलं ‘आरोपण’ तेच. ही जुळणी लक्षात ठेवली तर अर्थ पाठ करावे लागत नाहीत. शब्दांची सोबत मात्र पाठच करावी लागते.

प्रश्न : ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फरक आहे का? (मडगाव)

उत्तर : आहे, आणि ‘द’मुळे अर्थ उलटा होतो. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ म्हणजे नर्स वॉर्ड सांभाळते. ‘द वॉर्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजे वॉर्ड नर्सच्या ताब्यात. कर्ता सांभाळणारा असेल तर ‘द’ नाही.

आपल्या कार्यालयांत ‘इनचार्ज’ हे जोडून लिहिलेलं नाम रुळलं आहे, ‘तो आमचा इनचार्ज’ असं. परदेशी पत्रव्यवहारात ‘द पर्सन इन चार्ज’ लिहा. ‘चार्ज घेतला’ याचं इंग्रजी ‘टुक चार्ज ऑफ द ऑफिस’. ‘ऑफ’ विसरू नका. आणि ‘फोन चार्जिंगला लावलाय’ याचं ‘पुट ऑन चार्जिंग’ होत नाही: ‘द फोन इज चार्जिंग’ किंवा ‘आय हॅव पुट इट ऑन चार्ज’. बॅटरी टिकत नसेल तर ‘इट डझन्ट होल्ड अ चार्ज’.

वहीत नुसतं ‘चार्ज म्हणजे आरोप’ असं लिहू नका. मागचं क्रियापद आणि पुढचा ‘विथ’ किंवा ‘ऑफ’ धरून सबंध तुकडा लिहा, आणि प्रत्येक अर्थासाठी वेगळं पान ठेवा.