लहान हॉलमध्ये स्पीकरचा बास घुमतो, केबल बदलू का?

तुम्ही लिहिलंय की हॉल १२ बाय १० चा आहे, बुकशेल्फ (म्हणजे छोटे, खोक्यासारखे) स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन्ही टोकांना कोपऱ्यात आहेत आणि बास, म्हणजे खालचा जाड आवाज, घुमतो. तेव्हा भारी केबल घ्यावी की सबवूफर, म्हणजे फक्त बासचा वेगळा स्पीकर?

केबल घेऊ नका. चार-पाच मीटरसाठी दीड एमएमची साधी तांब्याची वायर पुरते. इतक्या ठामपणे सांगतोय, कारण अकरा हजारांची केबल माझ्या कपाटात पडून आहे. दाजींच्या शब्दावर घेतली होती.

२०११ मध्ये डोंबिवलीतला आमचा हॉल अगदी तुमच्याच मापाचा होता. स्पीकर शोकेसच्या दोन कोपऱ्यांत, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. मी तबला शिकलेला माणूस, माझा कान आधी डग्ग्याकडे जातो. डग्ग्यावर मनगट दाबत नेलं की सूर वर चढतो, ती मींड ऐकायला मी रेकॉर्डिंगं जमवतो. आमच्या हॉलमध्ये ती मींडच गायब. कोणीही वाजवो, डग्गा एकाच सुरात हुंकारायचा. दाजी म्हणाले, केबल हलकी आहे. केबल आली, हुंकार तसाच. मग म्हणाले, अ‍ॅम्प्लिफायर बदल. स्पीकर कोपऱ्यातून काढून बघू का विचारलं, तर म्हणाले, "कोपऱ्यातच बास भरतो. क्लिप्शहॉर्न स्पीकर कुठे ठेवतात, वाच जरा."

एका शनिवारी घरची मंडळी लग्नाला गेली आणि मी सोफा ओढला. दोन लाकडी स्टुलांवर स्पीकर ठेवले, ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा भाग, बसल्यावर कानाच्या रेषेत येईल असे. स्पीकरमागच्या भिंतीपासून अडीच फूट, बाजूच्या भिंतींपासून दोन फूट. ही दोन अंतरं मुद्दाम वेगळी ठेवा, सारखी ठेवलीत तर दोन्ही भिंतींवरून परतणारा आवाज त्याच सुरांत खड्डा पाडतो, ते सूर दबतात. खुर्ची तिच्या पाठीमागच्या भिंतीपासून चार फूट पुढे घेतली. मग शिवणाचा दोरा घेऊन दोन्ही ट्वीटरपासून नाकापर्यंतचं अंतर मोजलं. डावा स्पीकर चार बोटं जवळ होता, तो मागे सरकवला.

पहिल्यांदा मुद्दाम जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावलं. स्पीकर नीट लागलेत का, हे मोनोइतकं खरं कोणी सांगत नाही. दोन्हीकडून तेच येतं, त्यामुळे गळा बरोबर मध्ये, एका जागी उभा राहायला हवा. पसरला किंवा एका बाजूला झुकला, तर अंतर चुकलंय. त्या रात्री गळा मध्ये उभा राहिला, आणि डग्ग्याची मींड खालून वर चढताना, प्रत्येक पायरीसकट, ऐकू आली. रात्रीचे दोन वाजेपर्यंत बसलो होतो. खर्च शून्य.

कारण साधं आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १२ फुटांच्या, म्हणजे ३.६६ मीटरच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झची लाट अडकते, आणि तिच्या दुप्पट ९४ ची. डग्ग्याचा घुमार याच पट्ट्याच्या आसपास फिरतो. या लाटांचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त, कोपऱ्यात तर लांबी, रुंदी, उंची तिन्हींच्या लाटा एकदम चेतवल्या जातात. त्यात कानही भिंतीला टेकलेले असले की संपलंच. बरोबर मध्यावरही बसू नका, तिथे ४७ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. केबलचा यात काडीचाही संबंध नाही.

आणि क्लिप्शहॉर्न. दाजी हे तेव्हापासून तोंडावर फेकतायत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पॉल क्लिप्श यांचा तो स्पीकर १९४० च्या दशकात कोपऱ्यासाठीच बनला. कोपऱ्याच्या दोन भिंती हा त्याच्या हॉर्नचा, म्हणजे भोंग्याचा, शेवटचा भाग आहे. भिंती काढल्या तर तो अपुरा पडतो. तुमचे-माझे बुकशेल्फ तसे बांधलेलेच नाहीत, विशेषतः ज्यांचं पोर्ट (खोक्यातली हवा ये-जा करण्याचं भोक) मागच्या बाजूला असतं ते. नाव बुकशेल्फ असलं म्हणून पुस्तकांच्या फळीत कोंबायचे नसतात.

हो, स्पीकर पोर्टशिवायचा बंद खोक्याचा असेल, तर तो भिंतीच्या जवळही चालू शकतो. माझी मापं जशीच्या तशी उचलू नका, तीन-तीन इंच सरकवत ऐका. फरशी उघडी असेल तर खुर्ची आणि स्पीकरच्या मध्ये जाड सतरंजी टाका. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा सरकवायला सांगा, खुर्चीतून ट्वीटर दिसला त्या जागी गोधडी टांगा. त्याने तिखटपणा जातो, बासला मात्र पडदा, गोधडी, अंड्याचे ट्रे, काहीच अडवत नाही.

सबवूफरचं आत्ता ठरवू नका. जो बास आहे तोच खोलीत मावत नाहीये. महिनाभर असं ऐका, मग कमी वाटला तर बघा.

दाजी अजून घरी आले की म्हणतात, "केबलमुळेच वाजतंय." ती केबल मी त्याच शनिवारी काढली होती.