उफणणी, सरवा आणि पेट्रिकॉर

प्रश्न : मोबाईलवर रोज एक सुंदर इंग्रजी शब्द येतो. असे दोनशे शब्द अर्थासह वहीत उतरवले, पण लिहायला बसलं की एकही आठवत नाही. श्रावणाच्या झडीवरच्या निबंधात ‘पेट्रिकॉर इज कमिंग’ लिहिलं, तर सरांनी लाल रेघ ओढली. चुकतं कुठे?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, दारव्हा तालुका

उत्तर : त्या तीन शब्दांत दोन चुका आहेत. पेट्रिकॉर म्हणजे बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या मातीवर, दगडावर पाऊस पडला की सुटणारा वास. झडीनं वावर चिभडलेलं असताना तो कुठून येणार? हा मृगाच्या पहिल्या सरीचा शब्द. दुसरं, ‘वास येतोय’ ही मराठीची मांडणी. इंग्रजीत ‘आय कॅन स्मेल’ म्हणतात. शब्द तसा नवाच. इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ साली तो ग्रीकमधून घडवला : पेट्रा म्हणजे दगड, इकॉर म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा रस. स्पेलिंगात सीएच आहे म्हणून शेवटी ‘चोर’ वाचू नका.

दोनशे शब्द तूर्त बाजूला ठेवा. आठवड्याला पाचच घ्या, तेही ज्यांची वस्तू घरात-शिवारात आहे असे. ‘विनो’ म्हणजे उफणणं. वावडीवर उभं राहून सुपातलं धान्य वाऱ्यावर सोडतात ना, तेच. इंग्रजी शब्दाच्या पोटातही ‘विंड’, म्हणजे वाराच आहे. यादीतली नावं गाळत आणणं म्हणजे ‘विनो डाउन द लिस्ट’. ‘ग्लीन’ म्हणजे सरवा, म्हणजे कापणीनंतर वावरात पडून राहिलेली कणसं, वेचणं. जुन्या पत्रांतून कणाकणानं माहिती काढली तर ‘ग्लीन्ड फ्रॉम ओल्ड लेटर्स’. हे ‘डाउन’, हे ‘फ्रॉम’ शब्दासोबतच पाठ झालं पाहिजे. नुसता अर्थ पाठ केला की वाक्य जुळत नाही, अन् मग शब्द वहीतच राहतो.

एका शब्दाला अर्धं पान द्या. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार आणि स्वतःचं एक पूर्ण वाक्य. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. तेव्हा उजवी बाजू हातानं झाका आणि मराठीवरून इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हणा. इंग्रजी बघून अर्थ सांगणं सोपं असतं. त्यात शब्द फक्त ओळखू येतो, तोंडात येत नाही. अडलेला शब्द पुन्हा पहिल्या दिवसावर न्या.

‘ग्लोमिंग’, म्हणजे दिवेलागणीची वेळ, असे शब्द मात्र कवितेचे. बँकेच्या अर्जात ‘इव्हिनिंग’च लिहा.