पहिला असेंबल्ड पीसी, बजेट पन्नास हजार: पैसे कुठे घालायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स चालायला हवं, सुट्टीत थोडं गेमिंग. बजेट मॉनिटरसकट ५०,०००. घर मंगळवार पेठेत, जुनं. एका दुकानदाराने 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस, मॉनिटरसह २६,०००' असं कोटेशन दिलंय. उरलेल्या पैशात ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

ते कोटेशन सोडून द्या. इतक्या पैशात मिळणारा आय-सेव्हन बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा असतो, म्हणजे २६०० किंवा ३७७०. हे २०११-१२ चे प्रोसेसर. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेल्या मशीनमधून काढायचे आणि नवीन दिसणाऱ्या एच६१ मदरबोर्डावर बसवायचे, असा तो प्रकार. २०२२ चा साधा आय-थ्री १२१०० त्याला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराला एकच विचारा: 'पूर्ण मॉडेल नंबर काय?' तो बिलावर लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथून उठा.

माझं ठाम मत असं की, पहिल्या पीसीत पैसा अशा भागांत घालावा जे पुढची सहा-सात वर्षं बदलायचे नाहीत: एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड आणि घरातली वीज. ग्राफिक्स कार्डची जागा आज रिकामी ठेवा. कार्ड नंतर दहा मिनिटांत बसतं. पण हलका एसएमपीएस असेल, तर कार्ड घ्यायच्या दिवशी तोही बदलावा लागतो.

प्रोसेसर आय-फाइव्ह १२४०० घ्या. सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, म्हणून कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान याला इथे महत्त्व. रायझन ५ ५६००जी सुद्धा चांगला आहे, त्याचं आतलं, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, ग्राफिक्स इंटेलपेक्षा सरस आहे आणि फक्त गेमिंगसाठी विचारलं असतंत तर मी तोच सांगितला असता. भावाचं मुख्य काम कॅड आहे आणि पुढे कार्ड बसणार आहे, म्हणून १२४००. मात्र '१२४००एफ' नको. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानात हमखास पुढे केला जातो, पण त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की त्याची झळ आपल्यापर्यंत आली. म्हणून कोटेशन घेतल्यावर फार दिवस थांबू नका, आणि जुन्या भावाच्या व्हिडिओंवर हिशोब मांडू नका. तरीही १६ जीबीच्या खाली जाऊ नका, सॉलिडवर्क्सला ती लागतेच. १६ ची एक स्टिक न घेता ८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, ते ह्याच रॅममधून खातं. दोन स्टिक असतील तर डेटा दोन वाटांनी येतो आणि थ्रीडी मॉडेल फिरवताना फरक डोळ्यांना दिसतो. थोडे जास्त गेले तरी चार रॅम स्लॉटचा बी७६० बोर्ड बघा, पुढे ३२ करायला जागा राहील. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे खोक्यावर वाचून घ्या. एकाच नावाचे दोन्ही बोर्ड मिळतात आणि रॅमची खाच वेगळी असते, एकीची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. बजेट हलायला लागलं तर प्रोसेसर आय-थ्री १२१०० करा, रॅम आणि एसएमपीएस कापू नका.

एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) पुरे. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या, काचेच्या भपक्यात हवा अडते.

आता एसएमपीएस. स्वस्त डब्यावर '४५० वॅट' छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. बाजूचं स्टिकर वाचा. +१२व्ही च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ह्याच १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे खरी ताकद तेवढीच. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ, पाच वर्षं वॉरंटीचा आणि कार्डासाठी ६+२ पिनची वायर असलेला घ्या. पण ब्रॉन्झचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे, म्हणून कंपनी आणि वॉरंटी दोन्ही बघायच्या.

घर जुनं आहे म्हणालात म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. आपल्या पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनमागे अनेकदा वायरच नसते. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास राहते. करंट अगदी कमी असतो, पण चालू मशीनला मॉनिटरची किंवा पेनड्राइव्हची पिन लावताना पोर्ट उडायला तेवढं पुरतं. वायरमनला बोलवून मल्टिमीटर लावायला सांगा: फेज-न्यूट्रलमध्ये २३० दिसलं तर फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढंच दिसायला हवं. नसेल तर पीसी आणण्याआधी अर्थिंग करून घ्या. हा खर्च बजेटमध्येच धरा.

६०० व्हीएचा यूपीएसही त्यातच धरा. पावसाळ्यात लाइट जाते-येते, ड्रॉइंग सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती मिनिटं त्यातून मिळतात. एप्रिल-मेमध्ये वळीव कडकडायला लागला की मेनचा प्लग काढाच, इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही शिरते.

खरेदी शक्यतो एकाच दुकानातून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घेऊन करा. ऑनलाइन शे-दोनशे वाचतील, पण बोर्ड बिघडला तर समोर जाऊन उभं राहता येतं, याची किंमत जास्त आहे.

जोडणी भावालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. ह्या बोर्डात पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक. वरचं काळं झाकण आधी उचकटू नका. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा, दाब न देता ठेवा आणि लिव्हर खाली घ्या, झाकण आपोआप निघतं. ते टाकू नका, बोर्ड वॉरंटीत देताना मागतात. इंटेलच्या पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबायच्या, आणि चारही आरपार आल्यात का ते बोर्ड उलटा करून बघायचं. एक जरी अर्धवट राहिली तरी प्रोसेसर तापून मशीन मंद होतं. हे सगळं बोर्ड कॅबिनेटमध्ये जायच्या आधी उरका.

चालू झाल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करा, मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीपुढे रॅमच्या खोक्यावरचाच वेग (डीडीआर४ असेल तर सहसा ३२००) दिसतोय का बघा. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना ऑटोडेस्ककडून फुकट मिळतं, कॉलेजचा पुरावा देऊन दरवर्षी नूतनीकरण करायचं. क्रॅक केलेलं टाकू नका, व्हायरस तिथूनही येतात.

मॉनिटरची केबल सध्या मदरबोर्डच्याच पोर्टला लावायची. पुढे कार्ड बसवाल तेव्हा ती कार्डाच्या पोर्टला हलवा.